कोकण किनाऱ्यावरची नृत्यमहोत्सव स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महोत्सव डिसेंबरच्या तिसऱ्या शुक्रवार, शनिवार आणि रविवारी गावच्या शाळेच्या मैदानावर होतो. अर्ज सुटले की फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तराचा काही भाग दुसऱ्या प्रश्नात असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या वाडीत फक्त जाखडी होते. क्लासवाल्यांच्या स्पर्धेत आम्हाला घेता का?

आवर्जून घेतो. स्पर्धेचे चार विभाग आहेत. 'पारंपरिक लोकनृत्य' या विभागात जाखडी, नमन-खेळ्यांतले नाच, कोळीनृत्य, गौरीचा नाच, टिपरी, गोफ, धनगरी गजा, कातकरी नाच, तारपा आणि लावणी येतात. दुसरा विभाग फुगडी आणि मंगळागौरीच्या खेळांचा. तिसरा शास्त्रीय: भरतनाट्यम, कथक, ओडिसी, कुचिपुडी, मोहिनीअट्टम वगैरे. चौथा 'मुक्त', त्यात चित्रपटगीतं, हिपहॉप, समकालीन आणि मिश्र रचना. प्रत्येक विभागाचे परीक्षक आणि बक्षिसं वेगळी, त्यामुळे जाखडीची तुलना कथकशी कधीच होत नाही. वाडीतल्या संघांसाठी एक तृतीयांश जागा १५ नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवतो.

२. वयाची अट काय? आजी, सून आणि नात एकत्र नाचू शकतात का?

बालगट ५ ते ९, कुमारगट १० ते १५, खुला १६ ते ४९, ज्येष्ठ ५० पासून पुढे. वय ३१ डिसेंबरला पूर्ण झालेलं धरतो. बाल आणि कुमार गटांत त्या वयापेक्षा मोठा नर्तक चालत नाही, लहान चालतो. ज्येष्ठ गटात किमान तीन चतुर्थांश जणी किंवा जण पन्नाशीच्या पुढचे हवेत. आजी-सून-नात असा संघ खुल्या गटात घ्या, तिथे मिश्र वय चालतं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कुठल्याही गटात वयाची अट नाही.

३. अर्ज कधी, कुठे आणि फी किती?

अर्ज १ ऑक्टोबरपासून मिळतात, शेवटची तारीख २५ नोव्हेंबर. एकल १५० रुपये, जोडी २५०, समूह ५००. बालगटाला फी नाही. अर्जासोबत प्रत्येकाच्या वयाचा दाखला आणि पारंपरिक विभागासाठी अर्ध्या पानाची माहिती हवी. ही माहिती कशासाठी ते प्रश्न २० मध्ये आहे.

४. निम्मे कलाकार मुंबईत नोकरीला, निम्मे गावात. तालीम कशी करायची?

चाकरमानी मंडळाने गावच्या नावाने उतरायला काहीच हरकत नाही. अडचण येते ती लयीची. मुंबईतली निम्मी मंडळी एका चालीत बसतात, गावातली दुसऱ्या, आणि चाल बदलताना रिंगण फुटतं. गावच्या ढोलकीवाल्याकडून संपूर्ण नाच एकदा सलग वाजवून घ्या आणि दोन्हीकडे त्याच ध्वनिमुद्रणावर तालीम करा. चाल कुठे बदलते ते गाण्याच्या ओळीवरून ठरवा, आवर्तनं मोजून ठरवलंत तर ऐनवेळी कोणीतरी चुकतोच. एक तरी तालीम समोरासमोर व्हायलाच हवी. त्यासाठी गुरुवारी संध्याकाळी ६ ते ९ मंच मोकळा ठेवतो. प्रत्येक संघाला २० मिनिटं मिळतात, पण वेळ आधी कळवावी लागते.

५. एकाच कलाकाराने किती नाचांत भाग घ्यायचा?

दोन, तेही वेगवेगळ्या विभागांत. दोन सादरीकरणांत किमान पाच प्रवेशिकांचं अंतर ठेवतो, म्हणजे सुमारे पाऊण तास मिळतो. भरतनाट्यमचा रंग उतरवून, वेणी सोडून नऊवारी नेसायला तेवढा वेळ लागतोच. अर्जावर दोन्ही प्रवेशिका लिहिल्या नाहीत तर हे अंतर राखता येत नाही.

६. कोळीनृत्यात आम्ही मधे थोडं हिपहॉप घातलंय. कुठल्या विभागात?

मुक्त विभागात. पारंपरिक विभागाची कसोटी एकच: तुमच्या गावातल्या जाणत्या माणसाला तो नाच आपला म्हणून ओळखता आला पाहिजे. ध्वनिमुद्रित कोळीगीतावर नाचलात तरी चालेल, पण मधेच रिमिक्सचा ठेका आला किंवा कोलांट्या आल्या की प्रवेशिका मुक्त विभागात जाते. मिश्र रचना करणं यात कमीपणा काहीच नाही, त्यासाठीच तो विभाग आहे. दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊन पारंपरिक विभागात उतरणारा संघ मात्र दोन्हीकडे मागे पडतो.

७. आमचा नाच रिंगणाचा. प्रेक्षकांकडे पाठ होते. गुण जातात का?

पारंपरिक विभागात एकही गुण जात नाही. जाखडीत गाणारे-वाजवणारे मधे बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. गौरीचा फेरही गोलच. तारप्यात तर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा पुढे आणि कमरेला हात घालून जोडलेली साखळी त्याच्याभोवती. त्याला पाठ दाखवायची नाही हा त्या नाचाचा नेम, मग प्रेक्षकांना तोंड दाखवण्यासाठी साखळी तोडायची कशाला? काही संघ परीक्षकांसाठी रिंगण मोडून सरळ दोन रांगा करतात. त्याने नाचाचा जीव जातो. कृपया करू नका. आम्ही प्रेक्षक मंचाच्या तिन्ही बाजूंना बसवतो, आणि पारंपरिक विभागाच्या तीन परीक्षकांपैकी दोघे बाजूला बसतात.

८. जाखडी रात्रभर चालते. १२ मिनिटांत बसवायची कशी?

सगळंच थोडं थोडं घेतलं तर काहीच रंगत नाही. गण, गवळण, मग शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब हा रात्रीचा क्रम. त्यातले सवाल-जवाब इथे सोडून द्या, कारण समोर प्रतिपक्ष नसतो. गणाला दोन-अडीच मिनिटं, गवळणीला चार आणि उरलेला वेळ एकाच रंगलेल्या गाण्याला द्या. त्याच गाण्यात लय संथ, मध्य आणि द्रुत अशी चढवत न्या. परीक्षक मुख्यतः चढती लय बघतात: चाल वाढताना पायातला चाळ (घुंगरांचा पट्टा) एकसाथ पडतो की विखुरतो. द्रुत लय शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखा. ती आधीच गाठली तर नाचणारे दमतात आणि शेवट ढिला पडतो.

जागेचा हिशोब असा. आठ नाचणारे, दोघांत सहा फूट अंतर धरलं तर रिंगण साधारण १५ फूट व्यासाचं होतं. बाहेर झुकणारं अंग आणि हात धरून २० फूट लागतात, आणि मंच २४ फूट खोल आहे. दहापेक्षा जास्त नाचणारे उभे केले तर मागचे पडद्याला घासतात. मधे बसणारे पाचच्या वर नकोत, नाहीतर आतल्या बाजूने टाच त्यांच्या गुडघ्याला लागते. मधे स्टँडचे माईक ठेवत नाही, त्यांच्या वायरी रिंगणाखालून जातात आणि चाळ त्यात अडकतो. त्याऐवजी वरच्या वाशाला दोन माईक टांगतो. शाहिराने मान वर करून गायची गरज नाही, आवाज नीट येतो.

नमनवाल्यांनाही हीच वेळ. वगनाट्य सोडून फक्त नाचाचे भाग घ्या.

९. मंच कसा आहे? पाय सरकतो अशी तक्रार ऐकली.

मंच ३० फूट रुंद, साडेतीन फूट उंच, वर १९ मिलिमीटरचं प्लायवूड. मागच्या १८ फुटांवर छत आहे, पुढचे सहा फूट उघडे. साडेसात-आठनंतर दंव पडायला लागतं आणि ते या उघड्या पट्ट्यावर बसतं. प्लायवर ते दिसत नाही, पण अनवाणी टाच ठेवली की सरकते. आठनंतर दर दोन प्रवेशिकांनी आम्ही पट्टा कोरड्या सुती कापडाने पुसतो. तरी गिरक्या, चक्कर आणि फुगड्या छताखालीच ठेवा. छताची कड पिवळ्या चिकटपट्टीने आखलेली असते.

टाल्कम पावडर टाकू नका. कोरड्या प्लायवर ती घसरवते आणि दंवात भिजली की तिचा थर बसतो, पुढचा संघ त्यावर पडतो. पायाला खोबरेल चोळून थेट मंचावर येऊ नका. नुसते मोजे चालत नाहीत. बूट घालणाऱ्यांनी विंगेतल्या ओल्या पायपुसण्यावर आणि मग कोरड्यावर तळवे घासून यावं. मैदानाची तांबडी माती आणि वाळू बुटाला चिकटून वर येते, तिचे कण अनवाणी नाचणाऱ्यांच्या तळव्यात रुततात.

शास्त्रीय विभागाला सतरंजी अंथरत नाही, पदन्यासाचा आवाज मरतो. ज्येष्ठ गटाने मागितली तर अंथरतो, चारी बाजू चिकटवून.

१०. गाण्याचा ट्रॅक कसा द्यायचा?

एमपी थ्री किंवा वेव्ह फाईल, दोन पेन ड्राइव्हवर, प्रत्येकावर फक्त तेवढी एकच फाईल. फाईलला प्रवेशिका क्रमांक आणि संघाचं नाव द्या. सुरुवातीला दोन सेकंद शांतता ठेवा. ब्लूटूथ किंवा मोबाईल लावत नाही: मधेच फोन वाजतो आणि संघाची मेहनत वाया जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हिडिओतून काढलेला आवाज घरच्या छोट्या स्पीकरवर ठीक वाटतो, मैदानावर मात्र चरचरतो. दोन गाणी जोडली असतील तर जोड मोठ्या स्पीकरवर ऐकून बघा. दोन्हींचा आवाज कमी-जास्त असतो आणि दुसरं गाणं एकदम अंगावर येतं. दिवसाचा पहिला कार्यक्रम सुरू होण्याआधी तासभर ध्वनिव्यवस्थापकाकडे येऊन ट्रॅक ऐकवून जा. मधे वीज गेली तर काय, ते प्रश्न २३ मध्ये.

११. आमचा मृदंग मंचावर गेला की उतरतो. उपाय?

समुद्राजवळच्या दमट हवेत पुडी (वाद्याचं चामड्याचं तोंड) सैल पडते आणि रात्री दंवाबरोबर स्वर आणखी उतरतो. वाद्य गवसणीत, फळीवर ठेवा, जमिनीवर नको. डाव्या पुडीची कणीक घरून लावून आणू नका. प्रवेशाच्या अर्धा तास आधी ताजी लावा, जुनी सुकते किंवा घामेजते. त्याच वेळी स्वर लावा आणि मंचावर जाण्याआधी पुन्हा एकदा तपासा. हलगी-डफ तापवायला मंडपाजवळ शेकोटी पेटवायची नाही. रंगपटामागे हॅलोजनचा दिवा लावलेला असतो, हातभर अंतरावर धरून दोन-तीन मिनिटं शेकली की पुरते. पेटी आणत असाल तर अर्जावर पट्टी लिहा, म्हणजे काळी दोन, काळी पाच जी असेल ती. आमची पेटी द्यायची असल्यास आधी कळायला हवं.

१२. शास्त्रीय एकलसाठी ६ मिनिटं. काय बसवावं?

भरतनाट्यमच्या मुलींना वर्णम कापून आणू नका. पूर्ण वर्णमला अर्धा तास सहज लागतो आणि कापलेल्या वर्णममध्ये जती (तालाचे बोल) व साहित्य (गाण्याचे शब्द) यांचा तोल राहत नाही. बाल आणि कुमार गटाला अलारिप्पू पुरेसा आहे. खुल्या गटात जतिस्वरम, तिल्लाना किंवा छोटं कीर्तनम घ्या. परीक्षकांची नजर अरमंडीवर, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून केलेल्या बैठकीवर असते: पहिल्या मिनिटात खोल असलेली बैठक पाचव्या मिनिटात उंच झाली की कळतं.

कथकला थाट, आमद, दोन-तीन तोडे-तुकडे, एक परण, एक चक्रदार आणि शेवटी तत्काराची लडी एवढं बसतं. सगळ्यात जास्त गुण जातात ते लेहऱ्याच्या, म्हणजे तालाबरोबर फिरून फिरून येणाऱ्या सुरावटीच्या ट्रॅकमुळे. ध्वनिमुद्रित लेहऱ्याची लय ठरलेली असते, म्हणून मध्य आणि द्रुत असे दोन लेहरे जोडतात. हा जोड समेवरच, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच हवा. तीनतालात तेराव्या मात्रेवर कापून जोडला की पुढची प्रत्येक तिहाई समेच्या बाहेर पडते आणि दोष मुलीचा दिसतो. शक्य असेल तर तबलजी आणा, वाजवायला गुरू बसले तरी चालतील. पढंत (बोल तोंडाने म्हणणं) स्वतः केलीत तर उत्तम. ताल अर्जावर लिहा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा दिलेली असण्याची अट नाही.

१३. आमचा महिला मंडळाचा ज्येष्ठ गट. फुगड्या कितपत घ्याव्यात?

आठ मिनिटांत तीन-चार फुगड्या पुष्कळ झाल्या, प्रत्येक १५ ते २० सेकंदांची. मधे झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, किस बाई किस असे उभ्याचे खेळ घाला म्हणजे श्वास परत येतो. बस फुगडीने गुडघ्यांवर फार ताण येतो, ज्येष्ठ गटाने ती गाळावी. गुण कमी होत नाहीत.

फुगडीची जोडी सारख्या वजनाची हवी, नाहीतर हलकी बाई बाहेर फेकली जाते. हातांची अढी घालून बोटांऐवजी मनगटं धरा, घामाने बोटं सुटतात. पावलं जवळ, अंग मागे, नजर समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर. आजूबाजूला बघितलं की चक्कर येते. थांबताना एकदम हात सोडू नका, दोन फेरे हळू घेऊन थांबा. काचेच्या बांगड्या मनगटाच्या पकडीत फुटतात आणि हात कापतो. फुगडी घालणाऱ्यांनी त्या दिवशी धातूच्या किंवा लाखेच्या घालाव्यात.

गाणं नाचणाऱ्यांनीच म्हणायचं, पण दम लागतो हे माहीत आहे. म्हणून बाजूला बसून गाणाऱ्या दोघींना परवानगी आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच फुगडी घ्यावी, बाकीच्या खेळांत मनसोक्त नाचावं.

१४. शिवलेली नऊवारी चालते का? दागिने, फुलं?

शिवलेली चालते. नेसवलेली असेल तर काष्टा खोचल्यावर आतून नाडीने बांधा, नुसत्या पिनेवर विसंबू नका. पिना शक्य तितक्या कमी, आणि असतील त्या बंद होणाऱ्या सेफ्टी पिनाच. मंचावर पडलेली एक टाचणी पुढच्या सगळ्या अनवाणी संघांना धोक्याची. मोत्यांची माळ दोऱ्यात ओवलेली असेल तर दर काही मण्यांनंतर गाठ मारून घ्या. माळ तुटून मणी सांडले की कार्यक्रम थांबवून मंच झाडावा लागतो. घुंगरू दोरीत ओवलेले असतील तर प्रत्येक घुंगरामागे गाठ हवी. गजरा हेअरपिनांनी चार ठिकाणी घट्ट बसवा. गिरकीत सुटलेल्या फुलांवर पाय घसरतो. रंग थापून लावू नका, दमट हवेत तासाभरात ओघळतो.

१५. वल्हं, जाळं, पेटती समई आणता येईल?

वल्हं हलक्या लाकडाचं किंवा प्लायचं करा, पाच फुटांपेक्षा लांब नको. फिरवताना शेजाऱ्याच्या कपाळाला लागतं ते खऱ्या वल्ह्याच्या लांबीमुळे. जाळं सुती घ्या. नायलॉनच्या बारीक आसांत (जाळ्याच्या छिद्रांत) चाळ आणि पैंजण अडकतात, म्हणून जाळं पसरणाऱ्यांनी पायात काही बांधू नये.

समई नृत्याला पेटत्या ज्योतींची परवानगी आहे, अटींसह: सुती कपडे, प्रत्येक समईत चमचाभरच तेल, विंगेत वाळूची बादली आणि ओलं गोणपाट घेऊन संघाचे दोघे उभे. त्या वेळी मंचावरचे पंखे आम्ही बंद करतो. सांडलेलं तेल संघानेच पुसायचं. कळशा रिकाम्या. कोयते, तलवारी लाकडी. फटाके, शोभेच्या नळ्या, धूर, गुलाल, पाकळ्या आणि जिवंत प्राणी नाहीत.

१६. लहान मुलांना कुठलीही गाणी चालतात?

नाही. बाल आणि कुमार गटाच्या गाण्याचे पूर्ण शब्द अर्जासोबत लागतात. दारू, छेडछाड किंवा शृंगाराचे शब्द असतील तर गाणं बदलायला सांगतो. हा नियम आम्ही सैल करत नाही. मुलं आठच्या आत मोकळी होतील असा क्रम लावतो. रंगपटात दर चार मुलांमागे एक पालक, आणि मूल ज्याच्या नावे अर्जावर आहे त्याच्याच हाती सोपवतो. लावणी कुमारगटाला चालते, शब्दांची अट तीच.

१७. पुरुषाने स्त्रीवेषात नाचलं तर चालेल?

हो, सगळ्या विभागांत. नमनातली गवळण आणि दशावतारातली स्त्रीपात्रं पुरुषच करत आले आहेत. परीक्षक बघतात ती चाल, नजर आणि लुगड्याचा वावर. टिंगलीसाठी केलेला स्त्रीवेष मात्र स्वीकारत नाही.

१८. आमच्या संघात ऐकू न येणारी मुलं आहेत. काय सोय?

मंचाच्या डाव्या कोपऱ्यात एक बास स्पीकर थेट प्लायवर ठेवतो, ठोका तळपायाला कळतो. शिक्षकांना पहिल्या रांगेसमोर उभं राहून खुणा करता येतात, त्याचे गुण जात नाहीत. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण उजव्या बाजूला आहे. खुर्ची असेल तर अर्जावर लिहा, म्हणजे प्लायचे सांधे आधी चिकटपट्टीने बुजवता येतात.

१९. वेळ कधीपासून मोजता?

पहिला सूर किंवा पहिली हालचाल, जे आधी होईल तिथून. मांडामांड करायला दोन मिनिटं वेगळी. मर्यादा: शास्त्रीय एकल ६, इतर एकल आणि जोडी ४, समूह ७, फुगडी-मंगळागौर ८, तारपा १०, जाखडी आणि नमन १२ मिनिटं. शेवटच्या मिनिटाला पिवळा दिवा, वेळ संपली की लाल. पुढची २० सेकंदं माफ, त्यानंतर दर १० सेकंदांना एक गुण वजा. तारपावाल्याला दिवे दिसत नाहीत, त्याच्यासमोर कार्यकर्ता हात वर करतो.

२०. गुण कसे देता? जाखडी आणि तारपा एकाच विभागात, तुलना कशी?

पारंपरिक विभाग: मूळ चाल व पदन्यास ३०, ताल-लय २५, गायन-वादन २०, संघाचा मेळ १५, वेशभूषा १०. ट्रॅकवर नाचणाऱ्यांना गायन-वादनाचे जास्तीत जास्त ८ गुण मिळतात, कारण हे नाच जिवंत वाद्यावर वाढले आहेत आणि वाजवणारे कमी होत चाललेत याची आम्हाला काळजी वाटते. फुगडी-मंगळागौरीला याच कसोट्या, तिथे गायन म्हणजे तुमचं स्वतःचं गाणं. शास्त्रीय: अंगशुद्धी ३०, ताल-लय ३०, अभिनय २०, रचनेची निवड १०, आहार्य (वेशभूषा-रंगभूषा) १०. मुक्त: रचना ३०, लय २५, मेळ २०, मंचाचा वापर १५, वेशभूषा १०.

तुलना सोपी व्हावी म्हणून प्रश्न ३ मधली अर्ध्या पानाची माहिती लागते: नाच कधी होतो, कोण नाचतं, वाद्यं कोणती, चाली किती, वेश काय. परीक्षक नाच त्याच कागदाशी ताडून बघतात. म्हणून 'आमची प्राचीन परंपरा' असं मोघम लिहू नका. 'गौरी आणल्या की रात्री, बायका, वाद्य नाही, तीन चाली' एवढं लिहिलंत तरी उपयोगाचं.

समान गुण झाले तर आपापल्या विभागाच्या पहिल्या कसोटीचे गुण बघतो. तेही समान असतील तर बक्षीस विभागून.

२१. परीक्षक आमच्याच क्लासच्या बाई असतील तर?

त्या प्रवेशिकेला त्या गुण देत नाहीत, राखीव परीक्षक बसतो. नातं किंवा गुरू-शिष्य संबंध अर्जावर लिहायचा. लपवल्याचं नंतर कळलं तर प्रवेशिका बाद होते.

२२. कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत का नाही? आमचे नाच तर रात्रीचेच.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मर्यादित दिवसांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट सरकार देऊ शकतं, पण तिच्या भरवशावर कार्यक्रमपत्रिका आखत नाही. संध्याकाळी ५ ला सुरू, पावणेदहाला शेवटची प्रवेशिका संपलेली असते. उशिरा येणाऱ्या संघाची पाळी त्याच दिवशी पुढे ढकलतो, पण पावणेदहानंतर नाही.

२३. मधेच वीज गेली किंवा ट्रॅक थांबला तर?

जनरेटर आहे, पण तो चालू व्हायला काही क्षण जातात आणि ट्रॅक तुटतो. निम्म्याच्या आत थांबला तर पहिल्यापासून पुन्हा. निम्म्यानंतर थांबला तर संघप्रमुखाने ठरवायचं: पुन्हा करायचं की झालेल्या भागावर गुण घ्यायचे. पुन्हा केल्यास दुसरंच सादरीकरण धरतो. जिवंत वाद्यावरचा संघ थांबला नाही तर वेळ चालू राहते. घुंगरू तुटणं, पदर सुटणं, ट्रॅक चुकीचा देणं या संघाच्या बाजू, त्याला पुन्हा संधी नाही. कोणाला लागलं तर नाच ताबडतोब थांबवा. त्या संघाला दिवसाअखेर पुन्हा संधी देतो.

२४. ऐनवेळी कोणी आजारी पडलं, किंवा भावकीत सुतक आलं तर?

समूहातले एक पंचमांशापर्यंत सदस्य बदलता येतात, नाव प्रवेशाच्या दोन तास आधी द्यावं. जाखडीत एकच कमी झाला आणि बदली मिळाला नाही तर जोड्या बिघडवण्यापेक्षा आणखी एक कमी करा. संख्या घटली म्हणून गुण जात नाहीत.

सुतकाचा प्रश्न दरवर्षी येतो, कारण वाडीचा संघ म्हणजे बहुतेक एकच भावकी. अशा वेळी नुसता निरोप पुरे, कागदपत्र नको. फी पूर्ण परत देतो किंवा पुढच्या वर्षी धरतो, आणि पुढच्या वर्षीची जागा राखीव राहते. काहींनाच सुतक असेल तर एक पंचमांशाची मर्यादा लावत नाही, शेजारच्या वाडीतले घ्या.

२५. शिमग्यातली पालखी नाचवण्याचा प्रकार सादर करू का?

नाही. पालखीत देवाची रूपं असतात, ती नाचवणं ही सेवा आहे. तिला गुण देणं आम्हाला योग्य वाटत नाही. रिकामी किंवा नकली पालखीही घेत नाही. निशाण, अब्दागीर आणि अवसर (अंगात देव) येण्याचा अभिनय यांनाही हेच लागू. संकासूर, गोमू या सोंगांचे नाच घेता येतात, पण तुमच्या गावच्या मानकऱ्यांना आधी विचारा. त्यांची हरकत असेल तर दुसरा नाच निवडा, अर्ज बदलायला फी नाही.

२६. राहण्या-जेवण्याचं काय?

लांबच्या संघांची सोय शाळेच्या वर्गांत, अंथरूण-पांघरूण आपलं आणा. पहाटे गारवा असतो. जेवण रात्री ८ ते साडेदहा: भात, आमटी, उसळ, भाजी. नाचाआधी दोन तास भरपेट जेवू नका. शेवटची एस.टी. आणि फेरीबोट दोन्ही कार्यक्रमाआधी सुटतात, त्यामुळे परतीची गाडी ठरवून या किंवा मुक्काम करा. रेल्वेने येणाऱ्यांनी स्टेशनपासूनची रिक्षा आधीच सांगून ठेवावी.

२७. व्हिडिओ काढू का?

आपल्या संघाचा काढा, जागेवरूनच, फ्लॅश न वापरता. फ्लॅशने गिरकी घेणाऱ्याचा तोल जातो. दुसऱ्यांच्या मुलांचे व्हिडिओ पालकांच्या संमतीशिवाय टाकू नका. चित्रपटगीत असेल तर समाजमाध्यमं आवाज बंद करतात, त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

२८. निकाल पटला नाही किंवा प्रमाणपत्रावरचं नाव चुकलं तर?

गुणपत्रक प्रत्येक संघाला देतो. बेरीज किंवा वेळेच्या नोंदीबद्दल आक्षेप संघप्रमुखाने निकालानंतर अर्ध्या तासात लेखी द्यावा. परीक्षकांच्या मतावर आक्षेप घेता येत नाही, पण ते रविवारी सकाळी १० ते १२ शाळेत बसतात. त्या वेळी कोणीही जाऊन विचारू शकतं. शुक्रवार-शनिवारच्या संघांनी थांबता आलं तर जरूर थांबावं. नाव अर्जावर जसं लिहिलं तसंच छापतो. चूक आमची असेल तर नवं प्रमाणपत्र पोस्टाने पाठवतो, तुमची असेल तर टपालखर्च तुमचा.